उपरत्नांचा कैवारी

न्यूयॉर्क शहराच्या समोर, हडसन नदीच्या पश्चिमेला, बर्गन हिल नावाची काळ्या दगडाची एक लांबट टेकडी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रेल्वे कंपन्यांनी नदीकाठ गाठण्यासाठी ही टेकडी पोखरायला घेतली. सुरुंग उडत, दगडगोटे बाहेर येऊन पडत आणि त्या ढिगाऱ्यांवर हातोडी घेऊन एक शाळकरी मुलगा फिरत असे. मजुरांच्या लेखी तो राडारोडा होता. या मुलाला त्यात पांढरे, गुलाबी, काचेसारखे स्फटिक दिसत. त्याचे नाव जॉर्ज फ्रेडरिक कुन्झ. पुढे हाच मुलगा जगातला सर्वांत नावाजलेला रत्नपारखी झाला आणि ज्या खड्यांना सराफ उपरत्ने म्हणून बाजूला सारत, त्यांच्या बाजूने तो आयुष्यभर बोलत राहिला.

हे चित्र मराठी वाचकांना अगदीच परके वाटू नये. बर्गन हिलचा दगड हा आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा चुलतभाऊ. दोन्हीकडे तप्त शिलारस थिजला, त्यात भेगा-पोकळ्या राहिल्या आणि त्या पोकळ्यांत लक्षावधी वर्षे पाणी झिरपून स्फटिक वाढले. भोर घाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला गेला तेव्हा असेच स्फटिक बाहेर आले. पुणे, नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यातल्या खाणींतून निघालेले नमुने आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. अजिंठ्याच्या वाटेवर विक्रेते दगडाचा एखादा गोळा पुढे करतात. बाहेरून ओबडधोबड, फोडल्यावर आत जांभळी चमक. तो ॲमेथिस्ट. आपल्याकडचे खड्यांचे व्यापारी त्याला कटेला किंवा जमुनिया म्हणतात. आपल्याकडचा बहुधा फिकट निघतो, म्हणून तो अंगठीत कमी आणि दिवाणखान्यातल्या कपाटात जास्त दिसतो.

कुन्झचा जन्म न्यूयॉर्कचा, 29 सप्टेंबर 1856 चा. लहानपणी त्याने बार्नम या प्रसिद्ध तमासगिराच्या संग्रहालयात खनिजांची कपाटे पाहिली आणि तिथेच त्याला हे वेड लागले, असे तो पुढे सांगत असे. ते संग्रहालय 1865 मध्ये जळून खाक झाले, म्हणजे हे वेड नवव्या वर्षाच्या आतले. मग कुटुंब हडसनपलीकडे होबोकेनला राहायला गेले आणि बर्गन हिलचे ढिगारे हाताशी आले. रीतसर म्हणावे असे शिक्षण फारसे झाले नाही. कूपर युनियन या संस्थेच्या वर्गांना तो जात होता, पण पदवी घेतली नाही. पुस्तके वाचावीत, दगड फोडावेत, परदेशी संग्राहकांना पत्रे पाठवून नमुन्यांची अदलाबदल करावी, अशी त्याची शाळा. विशीच्या आसपास त्याच्याकडे सुमारे 4,000 नमुने जमले होते. वजन भरले दोन टन! हा सगळा संग्रह त्याने मिनेसोटा विद्यापीठाला 400 डॉलरना विकला. पैसा फार नव्हता, पण आपण खनिजांचे जाणकार आहोत हे या पोराने एका विद्यापीठाच्या गळी उतरवले होते.

त्यानंतरचा प्रसंग अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या दंतकथांत जाऊन बसला आहे. 1876 च्या सुमारास कुन्झ एका पुडीत हिरवी टूर्मलीन घेऊन चार्ल्स लुईस टिफनी यांच्या पेढीवर गेला. खडा अमेरिकेतलाच, मेन राज्यातला. टिफनीची पेढी म्हणजे हिऱ्यांची. फ्रान्सच्या राजघराण्याचे जडजवाहीर 1887 मध्ये लिलावाला निघाले तेव्हा त्यातला मोठा वाटा याच टिफनीने उचलला. अशा माणसापुढे विशीतला, कोणाची शिफारस नसलेला तरुण एक अनोळखी हिरवा खडा ठेवतो. त्याचे म्हणणे एवढेच, की हा पाचू नाही, पाचूची नक्कलही नाही, हा स्वतःच्या रंगाने सुंदर आहे. टिफनीने खडा विकत घेतला. 1879 मध्ये त्याने त्या तरुणालाच नोकरीवर घेतले आणि कुन्झने ती पेढी 1932 मध्ये मरेपर्यंत सोडली नाही. तो तिचा उपाध्यक्ष झाला.

त्या काळी रत्नांच्या दुनियेत चातुर्वर्ण्य पक्के होते. हिरा, माणिक, पाचू, नीलम ही रत्ने, मोती त्यांच्या पंगतीला, आणि बाकी सगळे खालच्या आळीतले. आपल्याकडे नवरत्नांची यादी थोडी ऐसपैस आहे, गोमेद आणि लसण्यालाही तिच्यात जागा मिळते. पण कटेला त्यातही नाही. नीलम परवडत नसेल तर शनीसाठी हा वापरा, असे सांगून तो गळ्यात मारला जातो. दुसऱ्याच्या जागी उभा राहणारा बदली कामगार!

आणि गंमत अशी की, ॲमेथिस्ट हा जन्माने खालच्या आळीतला नव्हेच. रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात रत्नांवर लिहिताना ॲमेथिस्टमध्ये पहिला मान भारतातल्या खड्यांना दिला होता. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ नशा न आणणारा असा होतो, म्हणून हा खडा जवळ असला की दारू चढत नाही, अशी समजूत पसरली. ही थाप असल्याचे प्लिनीनेच नोंदवून ठेवले आहे. मद्यदेवता बाकस आणि ॲमेथिस्ट नावाची कुमारी यांची जी करुण कथा ग्रीक पुराणातली म्हणून आज छापली जाते, ती तर ग्रीकांना ठाऊकही नव्हती. रेमी बेलो या फ्रेंच कवीने ती सोळाव्या शतकात रचली. असो. मध्ययुगात हा खडा बिशपांच्या अंगठीत बसला. रशियात उरल पर्वतातल्या मुर्झिंका गावच्या जांभळ्या खड्यांवर कॅथरीन राणीचा जीव होता. इंग्लंडच्या शार्लट राणीच्या ॲमेथिस्टच्या दागिन्याची किंमत एके काळी 2,000 पौंड धरली जाई, असे जुनी रत्नपुस्तके सांगतात.

मग घसरण झाली, आणि तिच्यात खड्याचा काही दोष नव्हता. एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या इडार-ओबरस्टाइन या अकीक कापणाऱ्यांच्या गावातली माणसे पोटापाण्यासाठी दक्षिण अमेरिकेत गेली. ब्राझीलच्या दक्षिण टोकाला आणि शेजारच्या उरुग्वेत त्यांना काळ्या दगडाच्या पोकळ्यांत जांभळ्या स्फटिकांची कोठारेच सापडली. हा दगडसुद्धा आपल्या दख्खनच्या पठारासारखाच, लाव्ह्याच्या थरांचा. जहाजे भरभरून माल युरोपात येऊ लागला आणि भाव कोसळला. शार्लट राणीच्या त्याच दागिन्याला पुढे 100 पौंडही आले नसते, अशी पुस्ती जुन्या पुस्तकांत जोडलेली असते. काल राणीच्या गळ्यात शोभणारा खडा आज कारकुनाच्या बायकोला परवडू लागला. त्याबरोबर तो राणीच्या नजरेतून उतरला. रंग तोच, पाणी तेच, काठिण्य तेच.

कुन्झने पेढीवर पाऊल ठेवले तेव्हा ॲमेथिस्टची ही अवस्था होती. खड्याची किंमत दुर्मिळतेवर ठरते आणि सौंदर्याचा तिच्याशी संबंध असेलच असे नाही, हे त्याला इतरांपेक्षा आधी समजले. तो ढिगाऱ्यावरून आला होता, तिजोरीकडून आला नव्हता. हे त्याचे भांडवल. त्यामुळे टूर्मलीन, गार्नेट, पुष्कराज, ॲमेथिस्ट, गोड्या पाण्यातले मोती अशा मालाकडे त्याने पेढीचे लक्ष वळवले. 1889 च्या पॅरिस प्रदर्शनात टिफनीने अमेरिकेतल्या रत्नांचा संग्रह मांडला. तो कुन्झने जमवला होता. त्याला सुवर्णपदक मिळाले आणि बँकर जे. पी. मॉर्गन यांनी तो विकत घेऊन न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयाला दिला. पुढच्याच वर्षी, 1890 मध्ये, उत्तर अमेरिकेतल्या रत्नांवरचा त्याचा जाडजूड ग्रंथ निघाला. मेनमधला डिअर हिल, पेनसिल्व्हेनियातला डेलावेअर परगणा, जॉर्जियातला रेबन परगणा अशी अमेरिकन ॲमेथिस्टची ठिकाणे तिथे नोंदलेली सापडतात. हिऱ्यांच्या दुकानात बसून हा माणूस गावोगावच्या शेतात निघणाऱ्या जांभळ्या खड्यांची जंत्री करत होता.

ॲमेथिस्ट निवडणे हे हिरा निवडण्यासारखे नाही. हिऱ्यात रंग नसणे चांगले, इथे सगळा खेळच रंगाचा. स्फटिकात जांभळा रंग सारखा पसरलेला नसतो. टोकाकडे तो दाट असतो, बुडाकडे फिकट होत पांढरा पडतो आणि मध्ये पट्ट्या असतात. कच्चा खडा हातात आला की जाणकार आधी ही दाट जागा शोधतो. पैलू पाडणारा कारागीर तो दाट भाग खड्याच्या खालच्या टोकाशी येईल असा खडा फिरवून घेतो. मग वरून पाहिले की खालचा रंग पैलूंवरून परतून सगळ्या खड्यात भरल्यासारखा दिसतो. दाट भाग एका बाजूला राहिला तर खडा कायम अर्धा रिकामा वाटतो. आकाराचेही गणित आहे. लहान खड्याला गडद रंग लागतो, नाहीतर तो पाणचट दिसतो. तोच गडदपणा मोठ्या खड्यात आला तर खडा काळा पडतो, जांभळा राहत नाही. शिवाय दिवसाच्या उजेडात पाहिलेला खडा दिव्याखाली पुन्हा पाहायचा. उरलमधल्या उत्तम खड्यांची कीर्ती याच एका गोष्टीसाठी होती. दिवसा जांभळा असणारा खडा मेणबत्तीच्या उजेडात आतून तांबडा होऊन उठे. म्हणून कुठल्याही खाणीतून आलेल्या चांगल्या खड्याला व्यापारी सायबेरियन म्हणू लागले. तो शब्द खाणीचा राहिला नाही, प्रतीचा झाला.

कोंदणाचीही तीच तऱ्हा. आपल्या जुन्या जडावाच्या कामात खड्याखाली चकाकता वर्ख घालून मागची बाजू बंद करतात. युरोपातही अठराव्या शतकात तसेच करत. फिकट खडा त्यामुळे उजळतो, पण तो उजेड वर्खाचा असतो. ओलावा शिरला की वर्ख काळवंडतो आणि खडा मरतो. मागून मोकळे ठेवलेले कोंदण खड्याचा खरा रंग दाखवते, आणि खड्यात खोट असेल तर तीही दाखवते. टिफनीच्या पेढीने 1886 मध्ये सहा आकड्यांनी वर उचलून धरलेल्या हिऱ्याची अंगठी आणली, तिचे तत्त्व हेच होते: खड्याला उजेड मिळू द्या. ॲमेथिस्टच्या बाबतीत आणखी दोन पथ्ये पाळावी लागतात. हा खडा गारेच्या जातीचा आहे, काठिण्य सात. रस्त्यावरच्या धुळीतही गारेचेच कण असतात, त्यामुळे रोजच्या अंगठीत त्याच्या कडा काही वर्षांत बोथट होतात. कडेभोवती सोन्याची पट्टी चढवली तर तो टिकतो. लोलकात किंवा कर्णफुलात त्याला धोका कमी. दुसरे पथ्य आचेचे. सुमारे 450 अंशांच्या वर तापवला की हा जांभळा खडा पिवळा होतो आणि थंड झाल्यावरही पुन्हा जांभळा होत नाही. म्हणून अंगठीला झाळ द्यायची असेल तर शहाणा सोनार आधी खडा काढून ठेवतो. हाच गुण व्यापाऱ्यांनी कमाईला लावला. जाळलेला ॲमेथिस्ट पुष्कराज म्हणून खपवण्याचा धंदा जुना आहे, आणि आज बाजारात जो सिट्रिन मिळतो त्यातलाही बराचसा भट्टीतून आलेला असतो.

या पेढीने ॲमेथिस्टला कशी जागा दिली, याचा एक नमुना पाहण्याजोगा आहे. चार्ल्स टिफनीचा मुलगा लुई कम्फर्ट हा रंगीत काचेचा कलावंत. त्याने 1900 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मोराचा एक कंठा घडवला, तो आज फ्लोरिडातल्या विंटर पार्क गावच्या मोर्स संग्रहालयात आहे. त्यात ओपल आहेत, ॲमेथिस्ट आहेत, हिरवी गार्नेट आहेत आणि त्यांच्याच शेजारी माणिक, पाचू, नीलमही आहेत. कोण रत्न आणि कोण उपरत्न, हे त्या कंठ्यात पाहून कळत नाही. मोराच्या पिसाऱ्यात ज्या ठिकाणी जो रंग हवा तिथे तो खडा बसला आहे. कंठा लुईचा, त्यात कुन्झचा हात होता असे मी म्हणत नाही. पण असे खडे पेढीच्या कारागिरांच्या टेबलावर सहज हाताला लागावेत, अशी हवा तयार करण्यात कुन्झची पंचवीस वर्षे गेली होती. त्याने उरल पर्वताचा प्रवास केला तो अशाच शोधात, आणि तिथली हिरवी गार्नेट मिळतील तेवढी उचलली, असे सांगतात.

खडा ओळखण्याची त्याची नजर किती पक्की होती, याची मोंटानाची गोष्ट सर्वश्रुत आहे. तिथल्या योगो खोऱ्यात सोने शोधणाऱ्या माणसांच्या चाळणीत निळे खडे अडकत आणि ते कटकट म्हणून फेकले जात. 1895 मध्ये त्यातले काही सिगारच्या खोक्यात भरून टिफनीकडे धाडले गेले. कुन्झने ते उत्तम प्रतीचे नीलम असल्याचे कळवले आणि 3,750 डॉलरचा चेक पाठवला. त्या खोऱ्यातल्या लोकांनी वर्षभरात काढलेल्या सोन्याची किंमत याच्या आसपासही नव्हती. पुढे मोंटानाच्या नीलमांतून टिफनीच्या पेढीवर आयरिसचे एक मोठे फूल घडले. बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात ते आजही फुललेले आहे.

इथपर्यंत सगळे गोड आहे. पण कुन्झचे चरित्र लिहिणाऱ्याला एका गोष्टीवरून पुढे उडी मारता येत नाही. 1883 पासून 1909 पर्यंत तो अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचा खास प्रतिनिधी होता. देशात कुठे कोणती रत्ने निघाली, किती निघाली, त्यांची किंमत काय, याचा वार्षिक सरकारी अहवाल तो लिहीत असे. आणि त्याच काळात तो देशातल्या सर्वांत मोठ्या जवाहिऱ्याचा खरेदीदारही होता. माल कुठे आहे हे सरकारच्या नावाने विचारायचे आणि पेढीच्या नावाने उचलायचे! आज कोणी असे केले तर विधिमंडळात प्रश्न येईल. त्या काळी कोणाला त्यात फार वावगे दिसले नसावे. अहवाल उत्तम होते, अभ्यासक ते आजही उघडतात. तरीही खाणीवरच्या गरीब माणसाने आपल्या खड्यांची पुडी पाठवताना समोर सरकार आहे की गिऱ्हाईक, हे त्याला कसे कळावे?

नावे देण्यातही त्याची हीच दुहेरी चाल दिसते. कॅलिफोर्नियात पाला गावाजवळ 1902 मध्ये फिकट जांभळट गुलाबी खडे सापडले. कुन्झने त्यांची ओळख पटवली आणि रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बास्करव्हिल याने 1903 मध्ये त्यांना कुन्झाइट हे नाव दिले. हा मान रास्तच होता. मग 1910 च्या सुमारास एक गुलाबी बेरिल आले, तेव्हा कुन्झने त्याला मॉर्गनाइट म्हणावे असे सुचवले. मॉर्गन हा त्याचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक आणि संग्रहालयांचा दाता. कृतज्ञता म्हणावी की व्यापार? माझ्या मते दोन्ही, आणि कुन्झला त्या दोहोंत फरक वाटत नसावा. 1899 मध्ये सायलेशियातल्या एका खाणीतून त्याने दोन टनांहून जड असा जेडचा धोंडा मिळवला, तोही अखेर न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयात जाऊन बसला. स्टार ऑफ इंडिया हा 563 कॅरटचा तारांकित नीलमही त्याच्यामार्फत मॉर्गनकडे आणि तिथून संग्रहालयात गेला. नावात इंडिया असले तरी खडा सिंहली आहे. 1964 मध्ये तो चोरीला गेला आणि 1965 मध्ये परत मिळाला, ती हकिगत स्वतंत्र लेखाची.

त्याच्या ज्या कामाबद्दल कोणीही खळखळ करू नये, ते वजनाचे. कॅरट हे नाव कॅरबच्या बीवरून आले, जसे आपली रत्ती गुंजेवरून. बी म्हटली की कमीजास्त आलीच. लंडनचा कॅरट सुमारे 205 मिलिग्रॅमचा, फ्लॉरेन्सचा 197 च्या आसपास, आणि मधे प्रत्येक गावाचा आपला वेगळा. खडा एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात विकला तर वजन तिथल्या तिथे बदले! 200 मिलिग्रॅमचा एकच कॅरट असावा यासाठी कुन्झने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि 1 जुलै 1913 पासून अमेरिकेत तो रूढ झाला. आज आपल्या गल्लीतला सराफ काट्यावर खडा ठेवून जो कॅरट सांगतो, तो हाच.

त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट 1912 मध्ये, अमेरिकेतल्या किरकोळ जवाहिऱ्यांच्या संघटनेने कॅन्सस सिटीत बसून महिन्यांच्या रत्नांची यादी पक्की केली. फेब्रुवारीला ॲमेथिस्ट, जुलैला माणिक, ही आज वर्तमानपत्रांतून आणि सराफांच्या जाहिरातींतून दिसणारी यादी बहुतांशी तीच. लोकांना ती बायबलइतकी जुनी वाटते. बायबलमधल्या पुरोहिताच्या उरपट्ट्यावर बारा रत्ने होती हे खरे, पण त्यांची महिन्यांशी सांगड फार नंतरची. कुन्झने 1913 मध्ये रत्नांविषयीच्या श्रद्धा आणि दंतकथांवर मोठे पुस्तक लिहिले. त्यात ॲमेथिस्टने मन थाऱ्यावर राहते, वाईट विचार दूर होतात, बुद्धी तल्लख होते, अशा समजुती त्याने हौसेने गोळा केल्या आहेत. पण दुकानदारांनी आपल्या सोयीने जुन्या यादीत फेरफार करावेत, हे त्याला रुचले नव्हते. या माणसाचा स्वभाव इथे कळतो. जन्मरत्नाने भाग्य उजळते असे सांगत तो फिरला नाही. पण माणसाला आपल्या जन्माचा म्हणून एखादा खडा जवळचा वाटतो, ही भावना त्याला खरी वाटत होती, आणि तिच्यात गल्ल्याने हात घालू नये असे त्याचे मत होते. स्वतः टिफनीच्या गल्ल्यामागे बसून!

पहिली पत्नी 1912 मध्ये वारली. 1923 मध्ये, सदुसष्टीच्या उंबरठ्यावर, त्याने आपल्याहून फार तरुण स्त्रीशी लग्न केले. तिचे नाव ओपल. रत्नपारख्याला बायको मिळाली तीही रत्नाच्या नावाची, यावर न्यूयॉर्कमध्ये विनोद झालेच असतील. ओपल कुन्झ विमान चालवायला शिकली, स्त्री वैमानिकांच्या शर्यतींत उतरली आणि 1929 मध्ये हे लग्न रद्दबातल झाले. कुन्झ त्या वयातही गप्प बसणारा नव्हता. जोन ऑफ आर्कचा पुतळा न्यूयॉर्कमध्ये उभारणाऱ्या समितीचा तो अध्यक्ष होता. 1915 मध्ये उभ्या राहिलेल्या त्या पुतळ्याच्या चौथऱ्यात जोनला जिथे कोंडले होते त्या रूआँच्या किल्ल्याचे दगड बसवलेले आहेत. दगडांवाचून या माणसाचे काहीच होत नसे.

29 जून 1932 रोजी तो न्यूयॉर्कमध्ये वारला. तोवर ॲमेथिस्टचे रहस्य उलगडले नव्हते. जांभळा रंग मँगनीजमुळे येतो असे त्या काळी मानत. स्फटिकातले लोहाचे सूक्ष्म अंश आणि भोवतीच्या खडकातून लाखो वर्षे मिळालेला किरणोत्सर्ग, या दोन्हींमुळे तो रंग येतो, हे पुढच्या पिढ्यांनी शोधले. कुन्झ त्या दाराच्या फार जवळ जाऊन आला होता, ही चुटपुट लागते. 1903 मध्ये त्याने बास्करव्हिलबरोबर संग्रहालयातल्या खनिजांवर रेडियमचे प्रयोग केले होते आणि कुन्झाइट अंधारात उजळताना पाहिला होता.

हे ज्ञान आले तसा नवा माल आला. 1970 च्या दशकात सोव्हिएत रशियातून कृत्रिम ॲमेथिस्ट बाजारात येऊ लागला. काच नव्हे, रंगवलेला दगड नव्हे. पोलादी भांड्यात, दाबाखाली, लोह मिसळलेल्या गरम पाण्यात वाढवलेली आणि मग किरणोत्सर्ग दिलेली खरीच गार. रंग एकसारखा, डाग नाही, पट्टी नाही. जो दोष टाळण्यासाठी जुने कारागीर खडा फिरवफिरवून पाहत, त्या रंगाच्या पट्ट्या आणि वाघाच्या अंगावरच्या रेघांसारख्या बारीक खुणा आता नैसर्गिकपणाच्या साक्षीदार झाल्या. निर्दोष खडा दिसला की पारखी आधी संशय घेतो. भिंगाने भागले नाही तर ध्रुवित प्रकाशात स्फटिकाची जोडवाढ तपासतात, तीही कधी फसवते, मग अवरक्त किरणांची तपासणी करावी लागते. अडचण अशी की ही तपासणी अनेकदा खड्याच्या किमतीहून महाग पडते. माणकासाठी लोक प्रमाणपत्र घेतात, ॲमेथिस्टसाठी कोण घेतो? त्यामुळे लहान खड्यांच्या पुड्यांत खाणीतले आणि भांड्यातले एकत्र मिसळलेले असतात आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक नसते. उपरत्न म्हणून केलेल्या हेटाळणीचे हे आणखी एक फळ. म्हणून असा खडा घेताना आत तिरकी पट्टी दिसली तर लगेच नाक मुरडू नये. दुकानाच्या दारापाशी उजेडात न्यावा, मग आतल्या दिव्याखाली न्यावा, आणि नैसर्गिक असल्याचे पावतीवर लिहून मागावे.

कुन्झने आयुष्यभर जमवलेली रत्नांवरची पुस्तके, पत्रके आणि कात्रणे त्याच्यामागे हजारोंच्या घरात होती. त्यातले कित्येक ग्रंथ अत्यंत दुर्मीळ. ज्या सरकारी सर्वेक्षण खात्यासाठी त्याने सव्वीस वर्षे अहवाल लिहिले, त्याच खात्याच्या ग्रंथालयाने 1933 मध्ये हा सगळा संग्रह विकत घेतला. किंमत दिली एक डॉलर.